ठोंबरे गुरुजी आणि तांड्यावरची चांदी

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात मी राळेगावला मोटारीतून उतरलो आणि वळकटी डोक्यावर घेऊन सहा मैल चालत आमच्या गावच्या शाळेत हजर झालो. शाळेला खोल्या दोन. एकीत चार वर्ग, दुसरी अर्धी वरच्या तीन वर्गांची आणि अर्धी पोस्टाची. त्या अर्ध्या पोस्टात लाकडी पेटीवर बसून टपालावर शिक्के मारणारे गृहस्थ म्हणजे श्री. नारायणराव ठोंबरे गुरुजी. तेच मुख्याध्यापक, तेच पोस्टमास्तर. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले आणि विचारले, "जोडे नवे दिसून राह्यले. उधारीचे का रोखीचे?"

उधारीचेच होते. मला असा राग आला म्हणता! तो आजही पुरता उतरला आहे असे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

पहिला पगार हातात पडला तेव्हा पुन्हा तेच. "किती बाजूला काढले, मास्तर?" मी म्हणालो, महिनाअखेर उरतील ते टाकीन. गुरुजी हसले नाहीत. ते फारसे हसत नाहीतच. म्हणाले, "कोणाचे उरले आजवर? कास्तकार बियाची ज्वारी आधी कणगीत काढून ठेवते, मग खायले घेते. खाऊन उरली तं पेरतो, असं म्हणते काय?" मी चडफडत पाच रुपये दिले आणि माझ्या नावाचे पासबुक निघाले. पुढच्या वर्षी मी विषमज्वराने दीड महिना अंथरुणाला खिळलो, तेव्हा घरात डॉक्टर आला तो त्या पासबुकाच्या जोरावर. पैसे आणायला राळेगावच्या मोठ्या पोस्टापर्यंत उन्हातान्हात पायी गेले तेही गुरुजीच.

त्यांचे अर्थशास्त्र साधे आहे. आजारपणाचा पैसा केव्हाही काढता येईल असा ठेवावा. ज्याची बरीच वर्षे गरज नाही त्याचीच पोस्टाची मुदतीची सर्टिफिकिटे घ्यावी. बियाण्याचा पैसा लांबच्या कागदात अडकवू नये. आणि जी योजना घरी बायकोला समजावून सांगता येत नाही, तिच्यात छदामही टाकू नये. एकदा दामदुप्पट देणारे एक सद्गृहस्थ गावात आले होते. कोट, घड्याळ, सगळा थाट. गुरुजींनी त्यांना चहा पाजला आणि विचारले, "तुमचा सोताचा किती हाय याच्यात?" ते घड्याळ पाहायला लागले. मी शहाणा तोवर त्यांना वीस रुपये देऊन बसलो होतो! ते गुरुजींनी तिथल्या तिथे परत घेतले आणि त्याबद्दल मला आजतागायत एका शब्दाने टोचलेले नाही. माझ्यासारख्या फटकळ माणसाला त्यांनी असे किती वेळा सांभाळून घेतले, याला गणती नाही.

इथवर सगळे गुरुजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात शोभेल असे झाले. आता तांड्याकडे वळतो. हा भाग गाळावा, अशी सूचना सत्कार समितीच्या चिटणिसांनी मला दोनदा केली. गाळणार नाही. तशी गुरुजींचीच आज्ञा आहे.

गावापासून दोन मैलांवर बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता ही मंडळी कापूस-ज्वारी करतात, पण फिरत्या माणसाची शिल्लक अंगावर असते, ही रीत तेवढी राहिली. चांदी बाईच्या अंगावर: गळ्यात जाड हासळी, हातापायांत कडी. ती बाईची. नवऱ्याला हवी असली तरी मागावी लागे आणि बाई नाही म्हणू शके. गुरुजींना ती चांदी बघवत नसे. झिजते, चोरीला जाते, आणि वाढत तर मुळीच नाही. दोन वर्षे दर रविवारी ते तांड्याच्या नायकाकडे जाऊन बसत आणि सांगत, "अंगावर ठेवली तं तितकीच राह्यते, पोस्टात ठेवली तं वाढते." लोक चहा पाजत आणि हसून वाटेला लावत.

शेवटी एक जोडपे तयार झाले, थावरा आणि धानीबाई. त्यांची लेक इमली माझ्या वर्गात होती, तांड्यावरून शाळेत येणारी एकटीच मुलगी. धानीबाईंचे म्हणणे साफ होते. "इमलीले सातवी करू द्याची हाय, गुरुजी. मंग नर्सबाई करीन मी तिले." त्यासाठी त्यांनी हासळी आणि पायांतली कडी उतरवून दिली. गुरुजी राळेगावला सोनाराकडे सोबत गेले, काट्याजवळ उभे राहिले, गुंजभरही मारू दिले नाही. आलेल्या पैशांची बारा वर्षांची सर्टिफिकिटे घ्यायची ठरली. अर्ज मी लिहायला घेतला, माझे अक्षर बरे म्हणून. "नाव कोणाचे लिहू?" मी विचारले. गुरुजी पेटीत काहीतरी शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "घरधन्याचं लिहा." धानीबाई दारातच उभ्या होत्या. मी थावराचे नाव लिहिले, त्याने अंगठा दिला, आणि सगळे आनंदाने घरी गेले.

दोन वर्षांनी, ऐन कापूस वेचणीत, थावरा तापाने गेला. तेरा दिवस झाल्यावर धानीबाई कागद घेऊन आल्या. "इमलीचे पैसे द्या, गुरुजी." गुरुजींनी वर लिहिले. वरून उत्तर आले की धारक मयत आहे, रक्कम मोठी आहे, कोर्टाचा वारसदाखला आणा. दाखल्यासाठी अर्ज केला तर थोरल्या दिरांनी हरकत घेतली. "हासळी आमच्या मायची व्हती. कागदावर नाव माह्या भावाचं हाय. बाईचं काय हाय याच्यात?" आणि कागदाकडे पाहिले तर खरेच, बाईचे त्यात काही नव्हते! जन्मभर जी चांदी त्यांची होती, ती माझ्या वळणदार अक्षराने एका ओळीत दुसऱ्याची झाली होती.

गुरुजी धानीबाईंना घेऊन यवतमाळच्या खेपा करू लागले. वकील त्यांनी लावला, मोटारीचे भाडे त्यांनी भरले, भाकरी घरून बांधून नेली. तारखा पडत राहिल्या. पण तारखेने पोट भरत नाही. एकट्या बाईला झोपडी चालवणे जमेना, तेव्हा धानीबाई पोरे घेऊन त्याच दिरांच्या घरी राहायला गेल्या. ज्यांचे खायचे त्यांचे ऐकायचे. पुढच्या उन्हाळ्यात इमलीला पाचवीतून काढले आणि उमरखेडकडच्या एका घरी तिचे लग्न लावले. बारावे सरले नव्हते तिचे. गुरुजी मांडवापर्यंत गेले, हात जोडले, बालविवाहाचा कायदाही सांगितला. दीर एवढेच म्हणाले, "तुमी पोरं शिकवा, गुरुजी. घर आमचं आमी पाहू." हजेरीपटातले इमलीचे नाव मीच खोडले. त्या दिवशी मला शाळा सोडून पळून जावेसे वाटले, हे आज लिहून टाकतो.

त्यानंतर वर्षाने निकाल लागला. पैसे धानीबाईंना मिळाले, गुरुजींनी ते स्वतः मोजून त्यांच्या हातात ठेवले. धानीबाईंनी नोटांकडे पाहिलेच नाही. म्हणाल्या, "अंगावर व्हती तवर माही व्हती, गुरुजी. कागदावर गेली अन् त्याची झाली. तुमी मले काहून नाई इचारलं?" धानीबाई तशाच राळेगावला निघाल्या, सोनाराकडे. गुरुजी कोणी न बोलावता मागून गेले आणि पुन्हा काट्याजवळ उभे राहिले. भाव चढला होता, चांदी पूर्वीइतकी आली नाही. जी आली ती धानीबाईंनी पदरात बांधली आणि मागे न पाहता गेल्या.

त्या आठवड्यात गुरुजींनी घरची पेटी उघडली. तीस वर्षांची शिल्लक, एकूण एक कागद त्यांच्या स्वतःच्या नावाचा. "म्हंजे मी उद्या मेलो तं ही बाई कोर्टात," असे ते मोठ्याने म्हणाले. पहिले पासबुक गुरुजींच्या पत्नी, आमच्या वहिनी, यांच्या नावाने निघाले. मग ते घरोघर फिरले. वारसाचे नाव लिहून ठेवण्याची सोय निघाली, तेव्हा आमच्या गावात एकही जुना कागद त्यांनी तसा राहू दिला नाही. पोस्टात एक नियम झाला, सरकारचा नव्हे, त्यांचा. नवराबायको आले की मी लेखणी उचलतो आणि गुरुजी माझा हात धरतात. "थांबा मास्तर. बाईले इचारलं?" बाईने स्वतःच्या तोंडाने नाव सांगितल्याशिवाय शाई कागदाला लागत नाही. बाया लाजतात, नवरे वैतागतात, बाहेर रांग खोळंबते. गुरुजी ढिम्म हलत नाहीत.

बायकांची पासबुके हे गुरुजींचे मोठे कार्य म्हणून सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. मोठेच आहे ते, मीही मान्य करतो. त्याची किंमत कोणत्या पोरीने भरली, ते पत्रिकेत नाही.

या ग्रंथासाठी चार शब्द मागायला मी तांड्यावर गेलो. धानीबाई सरपण फोडत होत्या. मी विषय काढला. कुऱ्हाड खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वाईट मानूस नाई थो. पन त्यानं मले इचारलं नाई." आणि कुऱ्हाड पुन्हा उचलली. परत येऊन मी हे गुरुजींना सांगावे की नाही या विचारात होतो, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखले. ऐकून घेतले आणि म्हणाले, "खरं हाय. हेच छापा. दुसरं काही नाही छापलं तरी चालीन." म्हणून छापतो आहे, चिटणीस माफ करोत.

गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसते, तरी रविवार चुकत नाही. तांड्यावर जातात, सगळ्यांची चौकशी करतात, आणि धानीबाईंच्या दारासमोर थोडे थांबतात. त्या काम करत राहतात. येऊ नका म्हणत नाहीत, बसा म्हणत नाहीत. गुरुजी परत फिरतात. या ग्रंथात पुष्कळ थोर माणसे त्यांना शतायुषी होण्याचा आशीर्वाद देतील. मी त्यांचा हाताखालचा मास्तर, मला आशीर्वाद देण्याचा अधिकार नाही, मागणे तेवढे आहे. गुरुजींचे गुडघे शाबूत राहोत, डोळे टिकोत, आणि त्यांना इतके आयुष्य मिळो की त्यातल्या एका रविवारी धानीबाई त्यांना बसा म्हणतील.