सहा महिन्यांचं अध्यक्षपद

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या ब्राझोस मराठी मंडळाची घटना बावीस कलमांची आहे आणि ती कोणी वाचत नाही. लिहिली पद्मिनी देशकरने. २००८च्या चक्रीवादळानंतर गावात बरेच दिवस वीज नव्हती. म्हाताऱ्या माणसांची सोय कुठल्या हॉलमध्ये करायची, यावर मंडळाच्या नऊ जणांच्या समितीने फोनवर फोन केले. त्यांचं ठरलं तोपर्यंत वीज आली होती. मग नवी घटना करायची ठरली, आणि "तुम्ही हिस्टरीवाल्या ना" म्हणून ते काम पद्मिनीकडे आलं.

ती खरोखरच हिस्टरीवाली होती. अमरावतीच्या कॉलेजात सहा वर्षं तिने बी.ए.च्या मुलींना प्राचीन जगाचा इतिहास शिकवला. इजिप्त मुलींना आवडायचा, ग्रीसही चालायचा, रोम आलं की वर्ग अर्धा व्हायचा. पद्मिनीला मात्र रोमचंच वेड. लढाया आणि राजवाडे नव्हेत, त्यांचा कारभार. राजाला हाकलून दिल्यावर त्या माणसांनी सत्ता कशी वाटून घेतली, कोणाला किती दिवस दिली, परत कशी घेतली, यात तिला स्वयंपाकघराच्या व्यवस्थेसारखी गंमत वाटायची. लग्न करून ती टेक्सासला आली. नवरा शैलेंद्र पाइपलाइनचा इंजिनियर. अनिका शाळेत जाईपर्यंत ती घरी होती, मग ह्यूस्टनमध्ये पुन्हा एम.ए. केलं आणि कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ शिकवायला लागली. तिच्या वर्गात कामावरून थेट आलेली माणसं असतात, युनिफॉर्म घातलेली.

मंडळाची घटना तिने रोमवरून बेतली. अध्यक्ष दोन, मुदत एक वर्ष, आणि एकाने केलेलं काम दुसऱ्याला एका शब्दात थांबवता येणार. सभेत लोक हसले. "वहिनी, आपल्याला गणपती बसवायचाय, साम्राज्य नाही चालवायचं," मंडळातले ज्येष्ठ राजाराम काका म्हणाले होते. पण ते चाललं. एका पाडव्याला दोन अध्यक्षांनी एकमेकांची पुरणपोळी आणि श्रीखंड दोन्ही थांबवलं, आणि सगळ्यांनी मुकाट्याने जिलबी खाल्ली. एवढंच काय ते नुकसान.

नववं कलम संकटाचं होतं. मोठं संकट आलं, तर समितीने सगळे अधिकार एकाच सभासदाला द्यावेत. सहा महिन्यांसाठी, फक्त एकदा. मुदत संपल्यावर त्याने सभेपुढे उभं राहून काय केलं ते सांगावं आणि घरी जावं. रोमन लोक अशा माणसाला डिक्टेटर म्हणायचे. तो शब्द पद्मिनीने घटनेत घातला नाही. तेवढं तिला कळत होतं.

२०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि समितीने नववं कलम वापरून शैलेंद्रला नेमलं. त्याने काम केलं, आणि चांगलं केलं. मुलांकडे म्हणून आलेले आणि अडकून पडलेले आईवडील, त्यांच्या बीपीच्या गोळ्या, व्हिसाची मुदतवाढ, परतीची विमानं, दोन जणांचे अंत्यविधी झूमवर. मे महिन्यात त्याची नोकरी गेली. तो छप्पन्न वर्षांचा होता. नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसला आणि मंडळाचे फोन घेऊ लागला. सप्टेंबरात सहा महिने संपले. कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, 'शैलेंद्रदाच कंटिन्यू करू देत?' खाली अंगठेच अंगठे आले. पद्मिनीनेही अंगठा दिला.

तेव्हापासून चार वर्षं झाली. रोगराई गेली, अध्यक्ष राहिले.

गेल्या डिसेंबरात यामिनी पाठक पद्मिनीकडे आली. नागपूरची, पस्तिशीची, दोन वर्षांपूर्वी रेडमंडहून इकडे बदलून आलेली. सोफ्यावर बसायच्या आत तिने फोनवर घटना उघडली.

"काकू, हे तुम्ही लिहिलंय ना? सॉलिड आहे यार. पण मग आपण हे फॉलो का नाही करत?"

"तू वाचलीस?"

"फ्लाइटमध्ये. दुसरं काही डाउनलोड नव्हतं." ती थोडी ओशाळली. "जानेवारीच्या जनरल मीटिंगला मी विचारणार आहे. काकांबद्दल माझं काही नाही, प्रॉमिस. पण मला काहीतरी करायचंय मंडळात आणि सगळंच काका करतात. मी हळदीकुंकवाचे टेबल मांडू का विचारलं, तर म्हणाले, झालेत मांडून."

पद्मिनीने तिला चहा दिला आणि होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

वर्गात तेव्हा रोमचं प्रजासत्ताकच चालू होतं. हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करणारी रोझा नावाची एक बाई पुढच्या बाकावर बसायची. तिने हात वर केला. सहा महिन्यांनी तो उठला नाही, तर त्याला उठवायचं कोणी? पद्मिनी म्हणाली, कोणीच नाही. त्याच्यावर कोणाचा अधिकार चालत नसे. लोकांना विचारल्याशिवाय त्याला घोड्यावर बसता यायचं नाही, असले बारीक नियम होते, पण खुर्चीवरून ओढून काढणारा कोणी नव्हता. शेकडो वर्षं एकामागून एक माणसं मुदतीच्या आत आपणहून उठून गेली. रिवाज होता, आणि न उठण्याची लाज होती.

"आणि लाज संपली तेव्हा?" रोझाने विचारलं.

"तेव्हा प्रजासत्ताकही संपलं," पद्मिनी म्हणाली, आणि ते वाक्य पुस्तकातलं असूनही तिला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

सभेच्या आधीच्या शनिवारी शैलेंद्र टेबलावर पार्किंगच्या पाट्या लॅमिनेट करत होता. ती समोर बसली.

"उद्या यामिनी नववं कलम विचारणार आहे."

"कळलं मला. राजाराम काकांनी सांगितलं." त्याने पाटीची कड बोटाने दाबली. "तुझे रोमन मरून दोन हजार वर्षं झाली, पद्मिनी."

"घटना मात्र सोळाच वर्षांची आहे."

"लोकांना मी हवा आहे. विचार कोणालाही."

"हवे आहात. म्हणूनच कोणी विचारत नाही."

मशीनमधून एक पाटी बाहेर आली, मग दुसरी. "माझ्याकडे आणखी काय आहे, सांग. सकाळी उठून मी काय करू?" आवाज चढला नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. "तू काही बोलू नकोस. एवढंच कर माझ्यासाठी. बाकीच्यांना मी बघून घेतो."

दुपारी अनिकाचा फोन आला तेव्हा पद्मिनीने तिला सगळं सांगितलं. अनिका सिअ‍ॅटलला वकील आहे. "सो यू आर ओव्हरथ्रोइंग बाबा?" ती हसत म्हणाली. आई हसत नाही म्हटल्यावर थांबली. "आई, ही विल बी सो सॅड."

"माहीत आहे गं," पद्मिनी म्हणाली. "रोज घरात मीच असते."

सभेला सव्वाशे माणसं होती. राजाराम काका सूत्रधार. यामिनी उठली, कलम क्रमांक सांगितला आणि या कलमाचा अर्थ काय, एवढंच विचारलं. शैलेंद्रने माइक घेतला. तो सहज हसत होता.

"घटना लिहिणारी व्यक्ती इथंच आहे. आमच्याच घरात असते. तिलाच विचारा की."

लोक हसले. पद्मिनी तिसऱ्या रांगेत होती. शैलेंद्रने तिच्याकडे पाहिलं, आणि ती गप्प बसणार याची त्याला इतकी खात्री होती, की तो पाण्याची बाटली उघडू लागला.

ती उठली. माइकपाशी गेली नाही, वर्गात बोलते तशी जागेवरूनच बोलली. "सहा महिने. एकदाच. नंतर सभेला हकिकत सांगायची आणि अधिकार परत करायचे. दुसरा काही अर्थ नाही त्याचा." मग ती सगळ्यांकडे वळली. "ग्रुपवर अंगठा मीही दिला होता. घटनेत अंगठ्याची सोय नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. तो मी परत घेते."

"मग तेव्हा का नाही बोललात, वहिनी?" राजाराम काकांनी विचारलं.

"घरात शांतता होती म्हणून."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. शैलेंद्रने बाटलीचं झाकण लावलं. तो उभा राहिला, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता भांडण होणार. त्याने राजाराम काकांना विचारलं, "म्हणजे आधी मी हकिकत सांगायची, बरोबर?" आणि हातात कागद नसताना तो वीस मिनिटं बोलला. कोणाच्या वडिलांना कुठून गोळ्या आणल्या, कोणाची आई कुठल्या विमानाने गेली, नावानिशी. दोन-तीन बाया डोळे पुसू लागल्या. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत असताना त्याने खिशातून मंडळाच्या सामानाच्या स्टोरेजची किल्ली काढून टेबलावर ठेवली. यामिनी आणि राजाराम काका असे दोन अध्यक्ष ठरले.

गाडीत तो इतकंच म्हणाला, "तू माझ्याविरुद्ध उभी राहिलीस."

"हो," ती म्हणाली. "राहिले."

पुढचे तीन दिवस वाईट गेले. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला नाही. जेवायला बोलावलं की यायचा, ताटातलं संपवायचा, ताट धुवायचा. तिने माफी मागितली नाही, कारण ती खोटी झाली असती. भाजी मात्र त्याच्या आवडीची केली. त्यानेही ती खाल्ली आणि आवडली असं काही म्हटलं नाही.

गुरुवारी सकाळी यामिनीचा फोन आला. घडीची टेबलं स्टोरेजमध्ये कुठं आहेत? शैलेंद्र खुर्चीत सरळ बसला. डावीकडे, मखराच्या मागे, पाय आधी उघडायचे नाहीत, एकाची कडी सैल आहे, त्यावर लाल चिकटपट्टी आहे. दहा मिनिटं तो सांगत होता. शेवटी म्हणाला, "मी येऊ का? पंधरा मिनिटांत पोचतो."

फोन स्पीकरवर होता. "नको काका, थँक यू," यामिनी म्हणाली. "आम्ही चौघं आहोत. बघतो आम्ही."

"बरं, बरं," तो म्हणाला. फोन बंद झाल्यावरही तो त्याच्याकडे बघत राहिला.

पद्मिनी दाराशी पर्स घेऊन उभी होती. तिला वर्गाला निघायचं होतं. जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिच्या मनात आलं. पण तो हात त्याला आत्ता सहन झाला नसता.

"मला कॉलेजला सोडता?"

त्याने मान वर केली. "का? गाडीला काय झालं?"

"काही नाही."

"पार्किंग मिळत नाही?"

"मिळतं की."

"मग?"

"सोडा," ती म्हणाली. "वर्ग दीड तासाचा आहे. समोर कॉफीचं दुकान आहे. नाहीतर आत येऊन बसा, मागच्या बाकावर. कोणी विचारत नाही."

तो उठून आत गेला. कपाटाचं दार वाजलं. आला तेव्हा अंगात जुना टी-शर्टच होता, वरून जॅकेट घातलेलं. किल्ल्या त्याने स्वतःच उचलल्या.