बिनविरोधाचं खूळ

आजही कुणी ‘बिनविरोध करून टाकू’ म्हणलं की माझं डोकं सणकतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवीन जालन्यात बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही पाच दोस्तांनी मराठी टायपिंगचा प्रोग्राम बनवला. फुकट, आणि त्याचा कोडही खुला. कुणीही उघडावा, सुधारावा, वाटावा. लोक दुरुस्त्या पाठवायला लागले, तेव्हा प्रश्न आला की कोणती घ्यायची हे ठरवणार कोण? मी म्हणलं, ज्याला कळतं त्यानं ठरवावं. एक जण म्हणाला मतदान. आमच्यातला बदनापूरचा मास्तर म्हणाला, मतदान केलं की दोन पार्ट्या पडतात, गावच्या सोसायटीच्या निवडणुकीसारखं बिनविरोध करू. पाचही माना हलल्या तरच दुरुस्ती आत. आणि मी दीडशहाणा, सगळ्यात आधी मान हलवली.

मंठ्याला तहसीलसमोर एक बाई आमच्याच प्रोग्रामवर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. छापताना पानाची शेवटची ओळ गळायची, अर्जदाराच्या नावाची. हातानं लिहिली तर कारकून अर्ज परत करायचा. खेड्यावरून आलेला माणूस दुसरी चक्कर पडली म्हणून तिच्यावरच डाफरायचा. गिऱ्हाईक शेजारच्या टाइपरायटरवाल्याकडे वळलं. शेवटी बाईनं प्रोग्रामिंगची पुस्तकं उसनी आणून स्वतःच चूक शोधली, दुरुस्ती पाठवली. मी तपासली. बिलकुल बराबर होती.

चार माना हलल्या. मास्तर रुसला होता. का, तर प्रोग्राम उघडल्यावर जी नावं दिसतात त्यात त्याचं चौथं! लग्नपत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून मांडवात न जेवणारे काका असतात, त्यातली गत. आम्ही तीनदा बदनापूरला गेलो, चहा प्यालो, टॉवेल-टोपी दिली. तो म्हणायचा, बघू. त्याचं नाव वर घेतलं तर दुसराच रुसला. पाच महिने हा तमाशा चालला, अन् तिकडं तिचं दुकान बसत चाललं.

एक दिवस ती एस.टी.नं आली, जिना चढून समोर उभी राहिली.

“दादा, दुरुस्तीत चूक असंल तर सांगा. नसंल तर कशासाठी थांबून राह्यले?”

“ताई, एकाची मान हलायची राह्यली.”

“अन् माझं गिऱ्हाईक?”

पासवर्ड माझ्याकडे होता. तिच्यासमोर बसून पाच मिनिटांत दुरुस्ती आत घेता आली असती. दोस्ती तुटंल म्हणून घेतली न्हाई. आग लागो असल्या दोस्तीला.

ती परत गेली. कोड खुलाच होता. तिनं आमच्या प्रोग्रामची आपली वेगळी प्रत केली, तीत दुरुस्ती घातली आणि सगळ्या टायपिंगवाल्यांना सीडीवर वाटली. कुणाला विचारलं न्हाई, विचारायची गरजही नव्हती. वर्षभरात जालन्यापर्यंत सगळीकडं तिचीच प्रत. मास्तर खवळला, चोरी म्हणाला, मीटिंग बोलावली. तिचा निषेध करायचा ठराव आला, आणि पाचही माना एका झटक्यात हलल्या. त्यात माझीही होती.

निषेधाचं पत्र आमच्या प्रोग्रामवर छापलं, तर शेवटची ओळ गळाली. आमच्या पाच जणांची नावं तीत होती. मंग दार लावून तिची सीडी टाकली आणि तिच्या प्रोग्रामवर पत्र छापलं. नावं बराबर आली. सगळ्यात आधी मी सही केली.