तात्यांचा उलटा हात

सावेडीला तात्यांच्या घरासमोर स्कूटर लावली की ते आधी स्कूटरपाशी यायचे, मग माझ्यापाशी. वाकून इंजिनाजवळ उलटा हात धरायचे आणि म्हणायचे, "तापलीय. बसा जरा." निघताना पुन्हा तीच तपासणी. इंजिन त्यांच्या मनासारखं निवलेलं नसेल तर मला आणखी एक चहा घ्यावा लागे. मी वृत्तपत्रात उपसंपादक होतो आणि घाईत असणं हा माझ्या नोकरीचा भाग होता. तात्यांना त्याचं कौतुक नव्हतं.

तात्या माझे सासरे. नगर तालुक्यातल्या जिरायती शेतकऱ्याचे चिरंजीव. तरुणपणी सैन्यात गेले आणि वायरलेस संच दुरुस्त करत करत निवृत्त झाले. बोलणं मात्र गावचंच राहिलं. दुष्काळाच्या एका वर्षी त्यांनी एक मोटारगाडी तयार केली. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा, जुन्या टेपरेकॉर्डरची विजेची मोटर, पोटात बॅटरी. तात्यांनी हातातल्या पेटीवरची कळ दाबली की कुठलीही तार नसताना ती हातभर लांबीची गाडी रेडिओलहरींवर अंगणात पळायची, वळायची. सावेडीत तेव्हा घरं कमी आणि मोकळं रान जास्त होतं. रस्त्याने जाणारे सायकलवाले पाय टेकून पाहत उभे राहत.

नगरमध्ये अशी दुसरी एकच गाडी आम्हांला माहीत होती. ती लष्करातल्या एका मेजरांनी परदेशातून आणली होती. दोघांची शर्यत ठरली : शाळेच्या सिमेंटच्या पटांगणावर दहा फेऱ्या. तेवढ्यात मेजरांच्या बदलीचा हुकूम आला. येत्या रविवारी शर्यत झाली नाही तर तात्यांना पुन्हा प्रतिस्पर्धी मिळणार नव्हता. अडचण अशी होती की तात्यांची गाडी चौथ्या फेरीच्या पुढे कधी गेलीच नव्हती. मोटर तापायची, करपल्यासारखा वास यायचा आणि गाडी उभी राहायची.

"मला जितायचं न्हाई," तात्या म्हणाले. "एकदा दहा पुऱ्या व्हायला पायजेत. मंग मेजर फुडं जाऊ द्या, न्हाईतर पुन्याला जाऊ द्या."

मी त्या काळी रविवारच्या पुरवणीत विज्ञानावर एक सदर लिहीत असे, म्हणजे इंग्रजी मासिकांतले लेख मराठीत उतरवत असे. त्यामुळे या विषयातला अधिकारी मीच, असा माझा समज होता. मोटरीला ओलं फडकं गुंडाळावं, हा माझा पहिला सल्ला. पाणी टँकरने येत होतं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "टँकरचं पानी खेळन्याला? आधी जावयाच्या आंगुळीचं बगा." तात्यांनी तांदूळ धुतलेलं पाणी वापरलं. ते मोटरीत झिरपलं, ठिणग्या उडाल्या आणि सगळी मोटर खोलून वाळवावी लागली.

पुढच्या पत्र्याला भोकं पाडावीत, हा दुसरा सल्ला. त्यातून धूळ आत गेली. मोटर तापायची ती तापलीच.

"हवा आत घातली, पन बाहेर जायाची वाट कुठं हाय?" तात्यांनी विचारलं. "तुमच्या अग्रलेखागत आतल्या आत फिरतीय."

अग्रलेख मी लिहीत नव्हतो. पण हे सांगून माझा मान वाढला नसता.

मग त्यांनी स्वतःच्या पद्धतीने काम केलं. मागच्या बाजूलाही भोकं पाडली, पुढच्या भोकांवर जाळी लावली. ॲल्युमिनियमच्या जुन्या झाकणाच्या पट्ट्या कापून मोटरीभोवती उभ्या पाकळ्यांसारख्या बसवल्या. उष्णता त्यांच्यातून बाहेर पडायची. शेवटी मोटरीवरचं दातेरी चाक काढून धाकटं घातलं.

"मोठ्या चाकानं गाडी लई पळती, पन मोटर कन्हती," ते म्हणाले. "थोडा वेग सोडून द्यायचा. आपल्याला कुठं गाडी गाठायचीय?"

शनिवारी सात फेऱ्या झाल्या, त्यासुद्धा बॅटरी उतरली म्हणून सात. तात्यांनी उलटा हात लावला आणि मान डोलावली. एवढ्या सगळ्यात माझा हातभार शून्य होता, हे मला सोसेना. मी ताडाच्या पानाचा पंखा घेऊन आलो आणि जाहीर केलं की उद्या गाडीबरोबर पळत मी मोटरीला वारा घालणार.

"गरज न्हाई," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे पाहून थांबले. "बरं, घाला. जावयाला न्हाई कसं म्हनायचं?"

रविवारी सकाळी मेजरांची गाडी सुटली ती पुढे निघून गेली. तात्यांची गाडी मागून एका चालीने जात राहिली. मी शर्टपँट आणि कोल्हापुरी वहाणा अशा वेषात, कमरेत वाकून, तिच्याशेजारी वारा घालत धावत होतो. चौथी फेरी झाली. सातवी झाली. जमलेले लोक गाड्या सोडून मला पाहत होते आणि ते कौतुकाने पाहत आहेत, असं मला वाटत होतं. मेजरांच्या दहा फेऱ्या पुऱ्या झाल्या. आमची दहावी सुरू होती. शेवटच्या वळणावर तात्यांनी गाडी डावीकडे वळवली. मला कोणी वळवलं नाही. माझा पाय गाडीवर पडला.

तात्या चालत आले, उकिडवे बसले, चेपलेला पत्रा बोटांनी बाजूला केला आणि मोटरीला उलटा हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला.

"थंड हाय," ते म्हणाले. "साहेब, या. तुमी बी बगा."

मेजरांनी हात लावून पाहिला. मग तात्यांनी त्यांच्या गाडीला हात लावला आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "ही तापलीय."

मेजर गेले. गाडी पुन्हा धावली नाही. पाकळ्यांची मोटर तात्यांनी खिडकीत ठेवली होती, आल्यागेल्याला दाखवत. गाडीचं काय झालं असं कोणी विचारलं तर सांगत, "वरनं वजन आलं." सासूबाई वाढता वाढता म्हणत, "वजन हितंच जेवायला बसलंय." तात्या त्यांना गप्प करत आणि मला आणखी एक भाकरी वाढायला लावत.

बऱ्याच वर्षांनी त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. निरोप आला तसा मी कचेरीतून निघालो, स्कूटर मिळेल तिथे टाकली आणि जिना धावत चढलो. तात्यांना बोलायला त्रास होत होता. त्यांनी हात उचलला. मला वाटलं, पाणी हवं असेल. त्यांनी तो माझ्या मनगटावर उलटा टेकवला.

"लई तापलाय तुमी," ते म्हणाले. "बसा जरा."

मी बसलो. खाली उतरलो तोवर स्कूटर केव्हाच निवली होती. तरी किल्ली लावण्याआधी मी वाकलो आणि इंजिनाजवळ उलटा हात धरला.