हाडात स्क्रू

खालची दाढ काढून वर्ष झालं होतं. तिच्या जागी हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावतात, असं सुनेनं सांगितलं आणि माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. लाकडात स्क्रू राहतो, भिंतीत राहतो, पण जिवंत माणसात कसा राहत असेल?

माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, गाडीनं पारोळ्याहून धुळ्याला निघाले होते, त्यांच्यासोबत मला पाठवलं. त्यांना आम्ही नाना म्हणतो. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी मी त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलले नव्हते. आमच्याकडे रीतच तशी.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, तंबाखू, मिसरी काही?"

मागे बसलेले नानाच बोलले, "आमच्या घरातल्या बाया असलं काही लावत नाहीत."

मी तर भाजलेल्या तंबाखूची मिसरी पोरवयापासून लावते. घरातल्या सगळ्या बाया मागच्या दारी लावतात. पण परक्यापुढे जेठांना खोटं कसं पाडायचं? गप्प बसले.

बाईंनी जबड्याचा फोटो दाखवला. "हाड हळूहळू स्क्रूला धरतं. तीन-चार महिने लागतात. तंबाखू असली तर कधीकधी धरत नाही, स्क्रू सुटून येतो. तुम्हाला ती काळजी नाही."

कलम जीव धरतं तसंच की हे, मला वाटलं. आणि माझं कलम वाळणार, हेही कळलं.

आठ दिवसांनी पुन्हा त्याच खुर्चीत बसले. बाईंनी इंजेक्शन भरलं. ओठ बधिर झाला की बोलता येणार नाही, म्हणून मी हात वर केला.

"मी मिसरी लावते. रोज दोनदा."

मागे नानांची खुर्ची वाजली. बाईंनी इंजेक्शन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत. महिनाभर बंद करा, मग या. नंतरही लावायची नाही."

परतताना अर्ध्या रस्त्यात नाना माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुले बोलता येस तं! माले आजच समजनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून हाक आली, "आज लावी नई ना वं?"

"नई, नाना."

मग हे रोजचंच झालं. पहिले चार दिवस डोकं दुखलं, सुनेवर उगाच खेकसले. पण रोज उत्तर द्यायचं म्हणून लावली नाही.

महिन्यानं स्क्रू बसवला. दुखलं नाही. नुसती घरघर, तोंडात पाणी, आणि आपला गाल दुसऱ्याचा असल्यासारखा. दोन दिवस सूज होती, गार खिचडी खाल्ली. टाके काढले. मग वाट पाहणं. जीभ सारखी तिथं जाऊन विचारपूस करायची.

चार महिन्यांनी बाईंनी बारीक दांडीनं त्यावर हलकेच ठोकून पाहिलं आणि कान दिला. मीही श्वास रोखून ऐकलं. टणक आवाज आला.

"धरलंय हाडानं," बाई म्हणाल्या. "आता माप घेऊन दात बनवू."

नाना उठून जवळ आले, पण मला थांबवेना. मी त्यांच्यादेखतच विचारलं, "बाई, या दाताला गार-गरम कळेल का?"

"नाही कळणार, मावशी. त्यात नसच नाही."

"मग खडा चावला तर?"

"हाडाला कळेल."

कसं कळेल, ते मी विचारतच होते. नाना म्हणाले, "बाई, सांगा तिले सगळं. नईतं गाडीमा माले इचारी."