उजव्या खांद्याची बंदूक

शिरीष पाटणकरला उइटहॉर्न ह्या डच गावातल्या आमच्या मराठी कंपूत सगळे बंदूकवाला म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो ओशाळून हसे. आमच्यातला कोणी शनिवारी क्रिकेट खेळे, कोणी आल्मेरेला मोठं घर बघायला जाई, कोणी गणपतीच्या मीटिंगमध्ये भांडून येई. हा आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळून शनिवारी सकाळी जुनी इंग्लिश दुनळी बंदूक गाडीत घाली आणि मातीच्या तबकड्या फोडायला क्लबवर जाई. ज्याच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही असा माणूस! मी त्याच्या शेजारी राहायचो, त्याच्याच ऑफिसात होतो आणि शनिवारी मला दुसरा उद्योग नसायचा, म्हणून मीही बरोबर जायचो. त्यामुळे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

शिरीष मूळचा सांगलीचा. हुशार, सज्जन, आणि प्रत्येक गोष्टीत क्षणभर उशिरा. लिफ्टचं बटण दाबायचं तरी ह्याचा हात अर्धवट वर येऊन थांबणार, मग दुसरा हात पुढे होणार. ऑफिसातले लोक त्याला संथ समजत. मीही समजायचो. खरं कारण त्यानेच एकदा सांगितलं. तो जन्माचा डावखुरा होता, आणि पहिलीत असताना अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याचा डावा हात चड्डीच्या नाडीला बांधून त्याला उजव्याने लिहायला लावलं होतं. जेवताना हात सुटायचा, पण तेव्हा अण्णा समोर बसायचे.

"मारलं मात्र कधी नाही हं," तो मला आवर्जून म्हणाला. मला राग आला. बांधून घातलेल्याने बांधणाऱ्याला प्रशस्तिपत्र द्यावं, ह्याला काय म्हणायचं?

बंदुकीचं खूळ लागलं ते ऑफिसच्या सहलीत. बॉसने सगळ्या टीमला नेमबाजीच्या क्लबवर नेलं होतं. आम्ही सगळ्यांनी एखाददुसरी तबकडी फोडली, शिरीषने एकही नाही. तबकडी जमिनीवर पडल्यावर ह्याचा चाप ओढला जायचा. तिथल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याला लांबच्या खांबाकडे बोट धरायला सांगितलं, एकेक डोळा मिटून बघायला लावलं आणि म्हणाला, "तुझा डावा डोळा नेम धरतो. बंदूक डाव्या खांद्याला लाव." शिरीषने आधी इकडेतिकडे पाहिलं. डच माळरानावर, सांगलीपासून इतक्या लांब, घरचं कोणी बघत नाही ना ह्याची त्याने खात्री करून घेतली. मग बंदूक डाव्या खांद्याला लावली. पुढची तबकडी हवेतच भुकटी झाली, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की आम्ही टाळ्या वाजवायचं विसरलो.

पुढे रीतसर क्लबचं सदस्यत्व, पोलिसांचा परवाना, भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी तिजोरी असं सगळं झालं. ती तिजोरी त्याच्या बायकोच्या, म्हणजे पद्मजावहिनींच्या, साड्यांच्या कपाटामागे बसवावी लागली म्हणून महिनाभर अबोलाही झाला. शिरीष मात्र त्या जुन्या इंग्लिश बंदुकांच्या मागे पुरता वेडा झाला होता. शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन चाप, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो त्यांचे फोटो बघत बसायचा.

ह्या बंदुकांची एक गंमत असते. पूर्वी त्या गिऱ्हाइकाचं माप घेऊन बनवत. हाताची लांबी, मान, गालाचं हाड, सगळं बघत. दस्ता नळ्यांच्या सरळ रेषेत ठेवत नाहीत, थोडासा बाहेर वळवतात. म्हणजे गाल टेकला की डोळा आपोआप नळ्यांच्या मधोमध येतो. उजव्या खांद्याची बंदूक असेल तर उजवीकडे, डाव्याची असेल तर डावीकडे.

"म्हणजे ब्लाउजसारखं," पद्मजावहिनी म्हणाल्या. "दुसऱ्याचा आपल्याला होत नाही."

अशीच एक बंदूक एका खेड्यातल्या विलेम नावाच्या बंदूकवाल्याच्या दुकानात कित्येक वर्षं पडून होती. बर्मिंगहॅमची, पहिल्या महायुद्धाच्या आधीची, कुठल्याशा डावखुऱ्या इंग्रजासाठी बनवलेली. दस्ता डावीकडे वळलेला, म्हणून कोणी घेत नव्हतं. विलेम तेव्हा दुकानात नव्हता, त्याच्या बायकोने ती काढून दिली. शिरीषने ती उचलून डाव्या खांद्याला लावली आणि तसाच उभा राहिला. कुठे सरकवणं नाही, मान वाकडी करणं नाही. मी समोरून बघत होतो. माणूस आपल्या अंथरुणात शिरल्यावर जसा सैल पडतो, तसे त्याचे खांदे खाली आले.

"विवेक," तो म्हणाला, "ही माझीच आहे रे."

त्या बंदुकीवर त्याचा तो क्षणाचा उशीर गेला. तबकडी सुटली की हा आणि बंदूक एकदमच वळत. शिशाच्या छर्र्यांवर तेव्हा बंदी आलेली होती आणि पोलादी छर्रे त्या जुन्या पातळ नळ्यांना सोसत नाहीत, म्हणून हा महागडी वेगळी काडतुसं आणून मोजूनमापून उडवायचा. पण जी उडवायचा ती बहुतेक लागायची. क्लबातले डच म्हातारे आपली कॉफी सोडून ह्याचा नेम बघायला यायचे. शिरीषला आयुष्यात पहिल्यांदा कोणी संथ म्हणत नव्हतं.

आणि २००६च्या उन्हाळ्यात अण्णा आले.

अण्णा म्हणजे हरिहर पाटणकर, पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसीअर. जन्म ओळंब्यात आणि दोरीत गेलेला. वाकडं काही दिसलं की त्यांना चैन पडत नसे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरीषच्या घरातल्या सगळ्या तसबिरी सरळ केल्या, दारातल्या चपला एका रेषेत लावल्या, आणि शेजारच्या डच बाईची सायकल तिला न विचारता भिंतीशी काटकोनात उभी केली. वाईट माणूस नव्हे. कंपूतल्या पोरांना गोष्टी सांगायचे, वहिनींना भाजी निवडून द्यायचे. पण त्यांच्यासमोर शिरीष चमचा डाव्या बाजूला असला तरी उजव्या हाताने ओलांडून उचलायचा. पन्नाशीला टेकलेला माणूस!

बंदूक बघून म्हातारा चिडेल असं आम्हाला वाटलं होतं. उलट ते हरखले. "विलायती बंदूक आहे माझ्या मुलाकडे," असं सांगलीला फोन करकरून सांगितलं. मग हट्ट धरला की मला नेम बघायचा आहे.

गाडीत मी शिरीषच्या कानाशी लागलो. "आज सांगून टाक. काय करतील? इथे नाडी आहे का बांधायला?"

"सांगतो," तो म्हणाला. "तिथे गेल्यावर सांगतो."

तिथे गेल्यावर त्याने बंदूक उजव्या खांद्याला लावली. क्लबातले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. दस्ता उलट्या बाजूला वळलेला, डोळा भलत्याच रेषेत, नेम लागणार कसा? पहिली तबकडी सुखरूप गेली. दुसरी गेली. सगळ्या गेल्या. प्रशिक्षक काहीतरी बोलायला पुढे आला, तर शिरीषने त्याला हातानेच थांबवलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

अण्णांनी रिकामी बंदूक हातात घेतली, एक डोळा मिटून दस्त्याच्या टोकापासून नळ्यांपर्यंत नजर लावली आणि म्हणाले, "तुझी चूक नाही. दस्ता वाकडा आहे. डावीकडे गेलाय." मग बंदूक परत देत, "तुझ्या पन्नाशीला मी हा सरळ करून देणार. माझ्या पेन्शनमधून."

त्या आठवड्यात मी शिरीषला रोज छळलं. ऑफिसात, ट्रेनमध्ये, अंगणात. तो रोज म्हणायचा, आज सांगतो. पद्मजावहिनीही म्हणाल्या, "मी सांगू का अण्णांना?" तर त्यांच्यावर हा खेकसला. हा कधी कुणावर खेकसत नसे.

शनिवारी आम्ही तिघे विलेमकडे गेलो. विलेमने बंदूक उलटसुलट पाहिली आणि शिरीषला डचमध्ये विचारलं, "ही डाव्या खांद्याची आहे. तू कुठल्या खांद्यावरून मारतोस?"

आता इथे नीट लक्ष द्या. अण्णांना डचचं एक अक्षर कळत नव्हतं. शिरीषने खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. नुसती महिनाभर दुकानात ठेव, हात लावू नकोस, असं म्हणाला असता तरी अण्णा खूश होऊन परत गेले असते. खोटं बोलूनसुद्धा बंदूक वाचवता आली असती. देवाने इतकी सोय क्वचित कुणाची केली असेल.

शिरीषने अण्णांकडे पाहिलं. त्याचा डावा हात खिशात गेला. "रेख्ट्स," तो म्हणाला. उजव्या.

"खोटं बोलतोय तो," मी सरळ डचमध्ये विलेमला सांगून टाकलं. "डाव्याने मारतो. पंचक्रोशीत त्याच्यासारखा कोणी मारत नाही."

विलेम गोंधळला. त्याने शिरीषला पुन्हा विचारलं, आणि बजावलंही. "नव्वद वर्षांचं लाकूड आहे. गरम तेल सोडून एकदा वळवीन. परत उलटं वळवायला आणलंस तर मी हात लावणार नाही, दस्ता मानेत तडकेल. बंदूक तुझी आहे. तू सांग."

"काय म्हणतोय तो?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही अण्णा," शिरीष म्हणाला. "होईल म्हणतोय." आणि विलेमला पुन्हा तेच सांगितलं, उजव्या.

परतताना अण्णा मागच्या सीटवर बसून कालव्याच्या काठांचं कौतुक करत होते. किती सरळ बांधलेत म्हणे.

बंदूक तयार झाली तेव्हा अण्णांच्या परतीचे दिवस आले होते. दुकानातच त्यांनी ती हातात घेतली, एक डोळा मिटला, नजर लावली. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत होतो.

"अण्णा, सरळ झाली?" मी विचारलं. मला ठाऊक होतं की नाही झाली. ती आता उजवीकडे वळलेली होती.

"नाही. उजवीकडे वाकडी आहे," अण्णा म्हणाले.

"मग?"

"उजवीकडे असू दे. चालतं." आणि त्यांनी ती शिरीषच्या हातात दिली.

ओळंबा किंचित ढळला तर भिंत पाडायला लावणारा हा माणूस. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं होतं, पण पेन्शनचे पैसे घालून करून घेतलेल्या कामाला आता नावं ठेववत नसतील, असं समजून मी ते सोडून दिलं.

तिथून आम्ही क्लबवर गेलो. शिरीषने बंदूक उजव्या खांद्याला लावली. तो क्षणाचा उशीर परत आला होता, अगदी पूर्वीसारखा. तबकडी सुटायची, हा थांबायचा, मग बार निघायचा. शेवटी एक तबकडी कशीबशी कडेला फुटली आणि अण्णांनी टाळी वाजवली. म्हातारे कॉफी प्यायला आत निघून गेले होते.

"येईल सवयीने," अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "लिहायला तरी कुठे एका दिवसात आलं होतं तुला?"

शिरीष हसला. मला ते हसू बघवलं नाही.

अण्णांना सोडायला स्किपोलला मीही गेलो. शिरीष गाडी लावायला गेला, वहिनी कॉफी आणायला, आणि मी व अण्णा सामानापाशी उभे राहिलो. सामानाची ढकलगाडी त्यांनी फरशीच्या रेषेला समांतर करून ठेवली होती.

"विवेक," ते म्हणाले, "तू जरा लक्ष ठेव त्याच्यावर."

"कशावर, अण्णा?"

"पुन्हा डाव्यावर जाईल. मी आलो त्या दिवशी अंघोळ करून उघडा बाहेर आला, तर डाव्या खांद्यावर हे एवढं काळंनिळं. बंदूक कुठल्या खांद्याला बसते हे मला काय कळत नाही? पहिल्याच दिवशी कळलं. म्हटलं, एवढे कष्ट घेऊन सोडवलेली खोड, पोराने परदेशात येऊन पुन्हा लावून घेतली." ते समाधानाने हसले. "बोललो असतो तर वाद झाला असता. म्हणून लाकूडच वळवून घेतलं."

मला भयंकर संताप आला.  समोरून शिरीष येत होता, किल्ली उजव्या हातात धरून. त्याने अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कॉफी घेऊन आलेल्या वहिनींचा निरोप घेतला आणि ते आत गेले.

वहिनी पार्किंगचे पैसे भरायला थांबल्या आणि आम्ही दोघे गाडीपाशी आलो. शिरीष म्हणाला, "डाव्याला आता बसत नाही ती. परवा अण्णा फिरायला गेले होते तेव्हा लावून पाहिली. गालात रुततं. परक्याची असावी तशी वाटली."

"मग कशाला केलंस रे हे सगळं?" मी ओरडलोच. "कशाला?"

"ओरडू नकोस," तो म्हणाला. त्याने गाडीचं दार उघडायला डावा हात पुढे केला, थांबला, आणि उजव्याने उघडलं. "एक बरं झालं बघ, विवेक. अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही."

मी हो म्हणालो. मग आम्ही वहिनींची वाट बघत गाडीत बसून राहिलो.