देलिमाची पेटी परत येत नाही

"उचल ती पेटी आणि चालू लाग."

"उचलायला नाही आणलेली, काका. ठेवायला आणलीय."

"मी मागवली नाही."

"जॉर्जेटनं मागवलीय. तुमच्या पोटच्या पोरीनं. कनेटिकटहून फोन करून मला तुमच्या घराचा पत्ता समजावून सांगत होती. मला. याच रस्त्यावर जन्मले मी."

"मग तिच्याकडंच नेऊन दे. कनेटिकटला रस्ता सरळ जातो."

"दार लावून घ्या आधी. थंडी आत येतेय."

"तू बाहेर गेलीस की लावतो."

देलिमा लागासे बाहेर गेली नाही. तिनं पायानंच पेटी सरकवून चौकटीच्या आत घेतली, मागं दार ओढलं आणि पडवीतल्या लाकडांच्या ढिगावर ऐसपैस बसकण मारली. ओनेझिम सीर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दोन्ही हात चौकटीला लावून उभा होता. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण चौकट अजून पुरी भरायची.

हे मागचं दार. पुढच्या दारानं या खोऱ्यात ये-जा करायची ती पाद्रीबुवांनी आणि शवपेटीनं. बाकी सगळा व्यवहार मागून, पडवीतून, बूट झटकत. देलिमाला वरच्या रस्त्यावरची सगळी मागची दारं ठाऊक होती. कुठल्या दाराला लाथ घालावी लागते, कुठल्या दारामागं कुत्रा असतो आणि कुठल्या दारामागं सासू, हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती.

नदीच्या या काठाला अमेरिकेचं मेन राज्य, पलीकडं कॅनडा, आणि दोन्ही काठांवर एकमेकांचीच चुलत-मावस भावंडं. देलिमा एका मोठ्या घरातली मधली मुलगी. मोठ्या म्हणजे माणसांनी मोठ्या; घर दोनच खोल्यांचं. बटाटे निघायला लागले की इथल्या शाळा बंद होतात. पोरं वाफ्यात वाकून टोपल्या भरतात, टोपल्या पिंपात रिकाम्या करतात. देलिमा त्या कामात अशी पटाईत, की मुलगे तिच्या शेजारची ओळ घ्यायला कचरायचे. मग लग्न, मग बटाट्याच्या वखारीत निवडीच्या पट्ट्यापाशी अर्धं आयुष्य. तिच्या हाताखालून सडका बटाटा कधी पुढं गेला नाही. हे तिचं स्वतःचं म्हणणं, पण खोडून काढायला आजवर कुणी पुढं आलं नव्हतं.

पेट्यांचं खूळ डोक्यात शिरलं ते एका डिसेंबरात. नाताळच्या सामानाला ती शहरातल्या मोठ्या दुकानात गेली. तिथं सलगम होतं, मेण चोपडलेलं, कुठल्या कुठून आलेलं. ते तिनं सोसलं. मग बटाट्यांच्या पिशवीवर तिकडच्या, पार पश्चिमेकडच्या राज्याचं नाव दिसलं. बटाट्याच्या मुलखात परका बटाटा. भर दुकानात तिनं म्हणे पिशवी अशी धरली, जशी आपण मेलेली घूस शेपटीनं धरतो, आणि दुकानदाराला विचारलं, "हे तुझ्या आईला माहीत आहे का?"

त्याच आठवड्यात तिनं पावाची एक जुनी व्हॅन विकत घेतली आणि शेतकऱ्यांची मागची दारं ठोठावली. तुमच्याकडं काय आहे ते मला द्या, ज्याला हवं त्याच्या घरी मी पोचवते. बटाटे, गाजरं, पिवळं सलगम, कोबी, तुर्तिएरसाठी, म्हणजे नाताळच्या मांसाच्या पाईसाठी, डुकराचा खिमा, रश्श्यासाठी कोंबडी, आणि प्लॉयसाठी कुट्टूचं पीठ. प्लॉय म्हणजे आमची जाळीदार घावनं, एकाच बाजूनं भाजायची. उलटलीत तर पाहुण्यांना कळतं की तुम्ही बाहेरचे. शिवाय प्रत्येक पेटीत देलिमाच्या हातची एक छोटी बरणी, मीठ लावून मुरवलेल्या कांद्याच्या पातीची. आणि पेटी ठेवताना ती दारात उभी राहून नावं घ्यायची: गाजरं मिशोंची, कोबी व्हायोलेटचा, कोंबडी खालच्या मठाच्या शेतावरची. लग्नात आहेर मांडावा तशी.

गेल्या कित्येक नाताळांत तिची एकही पेटी परत आली नव्हती. घरी कुणी नसलं तर पडवीत ठेवायची. बर्फानं रस्ता बंद असला तर पोरांच्या घसरगाडीवर ओढत न्यायची. एका घरानं तर आठवडाभर आधी बिऱ्हाड हलवलं होतं, देलिमानं तीन गावं धुंडाळून नव्या घरी पेटी टेकवली आणि वर ऐकवलं, "पुढच्या वेळी पळालात तर निदान चिठ्ठी ठेवा."

आणि आज ओनेझिम काका म्हणत होते, उचल.

"तुला कळत कसं नाही, पोरी," म्हातारा म्हणाला. "पन्नास वर्षं या रस्त्याला शेजारवाटा कुणी पाठवला?"

"तुम्ही."

"डुकरं कापली की पहिला वाटा कुणाकडं जायचा?"

"आमच्याकडं."

शेजारवाटा म्हणजे साधी गोष्ट. थंडी पक्की पडली की घराघरांतून डुक्कर कापायचं, पण सगळ्यांनी एकदम नाही. आज एकानं, पंधरवड्यानं दुसऱ्यानं. ज्यानं कापलं त्यानं रस्त्यावरच्या प्रत्येक घराला एक वाटा पाठवायचा. असं फिरत फिरत सगळ्यांना हिवाळाभर ताजं मांस मिळायचं. देलिमाच्या घरी डुक्कर नव्हतं. तरी वाटा यायचा. तिची आई लिडी कधी मागायला गेली नाही आणि आलेलं ताट तिनं कधी रिकामं परत पाठवलं नाही. पोरांना दटावायची, "आपण मागत नसतो. आपण परतफेड करतो." काहीच नसलं तर कांद्याची पात तरी होतीच. मीठ लावलेल्या पातीची बरणी ताटात बसायची आणि ताट ताठ मानेनं सीरांच्या घरी जायचं.

"मग आता तूच बघ," ओनेझिम म्हणाला. "डुकरं विकली गेल्या शरदात. जॉर्जेटची आई, माझी आल्मा, तीही गेली. परत काय पाठवू? माझी पोर फोनवरून मला गाजरं पाठवते. मला. जसा काही मी खाटेला खिळलेला दमेकरी."

"तिला वाटलं, बापाच्या घरी नाताळचं जेवण असावं."

"तिला म्हणावं, बाप मेला नाही अजून." तो वाकला, गुडघे कुरकुरले, आणि त्यानं पेटीचं झाकण उघडलं. "आणि काय पाठवलंय ते तरी बघू. हं. गाजरं मिशोंची."

"मिशोंचीच."

"टोकाला फाटे फुटलेत. दगडाळ शेत आहे त्याचं, बापाच्या वेळेपासून. कोबी ठीक. बटाटे..." त्यानं एक बटाटा उजेडाकडं धरला आणि काही न बोलता परत ठेवला, म्हणजे उत्तम. मग त्यानं पेटीच्या तळापर्यंत हात घातला, चाचपलं, आणि मान वर केली.

"सलगम कुठंय?"

देलिमानं हातमोज्यावरचं बर्फ झटकलं. मोज्यावर बर्फ नव्हतं.

"सलगम, पोरी. नाताळची पेटी आणि सलगम नाही?"

"जॉर्जेट म्हणाली, तुम्हाला आवडत नाही."

"मला?"

"असं काहीतरी म्हणाली."

"जॉर्जेटचा बाप गेली ऐंशी वर्षं लोणी घालून सलगम खातोय, आणि जॉर्जेट म्हणाली?" म्हातारा आता उंबऱ्यावरून उतरून पडवीत आला होता. डोळ्यांत, बऱ्याच दिवसांनी, चमक होती. "लिडीची पोर आहेस तू. खोटं बोलताना तुझी आईसुद्धा अशीच मोजे झटकायची."

आता खरं काय ते सांगायला हवं. सलगमाची पोती आदल्या संध्याकाळी उशिरा आली. बाकी माल देलिमाच्या तळघरात होता. पोती व्हॅनमध्येच राहू देत, मागं गरम दिवा आहेच, असा तिनं विचार केला. अंगणातल्या विजेच्या जागा दोन. एक व्हॅनचं इंजिन रात्रभर गरम ठेवायची, नाहीतर सकाळी ती चालू होत नाही. दुसरी त्या दिव्याची. पण नदीपलीकडची बहीण जेवायला आली होती, आणि गेल्या वर्षी ती म्हणाली होती की आमच्या कॅनडाच्या काठावरची रोषणाई जास्त खुलते. तेव्हा देलिमानं दिव्याची तार काढली आणि छपरावरचा मोठा तारा लावला. बहिणीनं तो घरी गेल्यावर नदीपलीकडून पाहिला आणि फोन करून कबूल केलं, छान दिसतो. त्या आनंदात देलिमा झोपली. तारा रात्रभर जळत राहिला, आणि उजाडेपर्यंत सलगमाचे धोंडे झाले होते.

अजून अख्खा वरचा रस्ता बाकी होता. तिनं ठरवलं होतं, सलगमाच्या जागी दोन गाजरं जास्त घालायची आणि कुणी विचारलं तर विषय बदलायचा. पहिल्याच घरात विषय बदलला नाही.

"माझी तर वाळूत पुरलेली आहेत," ओनेझिम म्हणत होता. "खाली तळघरात. पेरताना हात थांबत नाही बघ. आल्मा होती तेव्हा जेवढी पेरायचो तेवढीच पेरली. अख्ख्या रस्त्याला पुरतील. तेव्हा जॉर्जेटला सांग, बापाला कुणाचं काही लागत नाही." आणि त्यानं झाकण लावून पेटी तिच्या दिशेनं सरकवली.

पेटी तिच्या बुटाला येऊन लागली. उचलून निघून जाणं सोपं होतं. व्हॅनमध्ये एक पेटी परत, गाजरांनी भरलेल्या बाकीच्या पेट्या, आणि नाताळच्या दिवशी वरच्या रस्त्यावरच्या प्रत्येक टेबलावर सलगमाच्या वाडग्याची रिकामी जागा. लोक काही बोलले नसते. तेच तर वाईट. देलिमानं आयुष्यात मागितलं नव्हतं. नवऱ्याकडं नाही, वखारीच्या मुकादमाकडं नाही, देवाकडंसुद्धा आडून आडूनच.

"मला हवीत," ती म्हणाली.

"काय?"

"सलगमं."

"मोठ्यानं बोल. या कानानं कमी येतं."

"त्या कानानं तुम्हाला शेजारच्या आळीतलं भांडण ऐकू येतं, काका."

"भांडण येतं. मागणं येत नाही."

देलिमा उठून उभी राहिली. "माझी सलगमं गोठली. सगळी. माझ्या चुकीनं. तुमच्याकडची द्या मला, वरच्या रस्त्यासाठी." एका दमात बोलली आणि कान लाल होऊन उभी राहिली.

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "ही युक्ती आहे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून."

"युक्ती?"

"गोठलेलं सलगम दाखव, मग मानतो."

म्हणजे आता तेही. देलिमा व्हॅनकडं गेली आणि त्यातल्या त्यात लहान सलगम घेऊन आली. ओनेझिमनं आत नेऊन ते चुलीच्या कडेला ठेवलं. दोघं टेबलाशी बसून वाट बघत राहिले; मध्येच त्यानं तिच्यापुढं कॉफी सरकवली, न विचारता. सलगम सैल पडलं तसा त्यानं सुरा घातला. आतला पिवळा गर काचेसारखा झाला होता. टेबलावर पाणी ओघळलं.

"अरेरे," तो म्हणाला, आणि हे खरोखरच्या दुःखानं म्हणाला, कारण सलगम चांगल्या जातीचं होतं. "दिवा नव्हता व्हॅनमध्ये?"

"होता."

"मग?"

"तार काढलेली होती."

"कशासाठी?"

"कामासाठी."

त्याच्या खिडकीतून खालचा काठ दिसतो. देलिमाचं छप्परही दिसतं. त्यानं खिडकीकडं पाहिलं, देलिमाकडं पाहिलं, आणि दोन घोट कॉफी घेतली.

तळघरात म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि वाळूत हात घालून एकेक सलगम काढत गेला. माती झटकून, बुडाला बोटानं टिचकी मारून, आवाज ऐकून वर देत गेला. देलिमा पोत्यात भरत गेली. एकदा तिनं त्याला मदतीचा हात पुढं केला तर तो म्हणाला, "तू तुझं पोतं सांभाळ." वर येताना मात्र कठडा धरून मधल्या पायरीवर थांबला, देलिमा मागं पोत्याची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिली, त्याचा दम परत येईपर्यंत.

वर आल्यावर तो सरळ पडवीत गेला. पेटी उचलली. ओट्यावर नेऊन ठेवली.

"हा शेजारवाटा," त्यानं बजावलं. "पेटी नव्हे. माझ्याकडून सलगम गेलं, तुझ्याकडून हे आलं. फिट्टंफाट."

"फिट्टंफाट."

"जॉर्जेटला मी सांगेन काय सांगायचं ते." पेटीतून त्यानं छोटी बरणी काढली, झाकण फिरवलं, नाक जवळ नेलं. मग बोटानं चिमूटभर पात तोंडात टाकली आणि सावकाश चघळली. "मीठ कमी घालतेस तू लिडीपेक्षा."

"डॉक्टर सांगतात कमी खा."

"डॉक्टरांना काय विचारायचं." बरणी त्यानं फळीवर ठेवली, समोरच, हाताशी. "आता नावं कशी घेणार तू त्या दारांत? गाजरं मिशोंची, कोबी व्हायोलेटचा. आणि?"

"आणि सलगम ओनेझिम सीर यांचं. वरच्या रस्त्यावरच्या. वाळूतलं."

म्हाताऱ्याची छाती भरली. टोपी नसताना त्यानं टोपी सरळ केल्यासारखं केलं. "पुन्हा म्हण."

"ओनेझिम सीर यांचं. पेरताना ज्यांचा हात थांबत नाही."

"हां. असंच म्हण. प्रत्येक दारात, मोठ्यानं. पलीकडच्या मार्टेलच्या घरात दोनदा, त्याचा सलगमाचा फार तोरा असतो." तो दाराकडं सरकला, पडवीच्या चौकटीला टेकला आणि हनुवटी खाजवली. "पण लोक विचारतील की गं, देलिमाची स्वतःची सलगमं कुठं गेली. छपरावरच्या ताऱ्याचं पण सांगशील ना त्यांना?"

देलिमानं पोत्याची मान मुठीत धरली, एका झटक्यात ते खांद्यावर घेतलं आणि पाठ ताठ ठेवून, बर्फातून व्हॅनकडं चालत गेली.