दारू सुटली, त्यानंतरची वर्षं

मिलिंद गेल्याचा फोन सकाळी आला. चहा अजून गाळायचा होता. फोन शकूनं घेतला. शकू, म्हणजे शकुंतला, माझी बायको आणि मिलिंदची थोरली बहीण. पलीकडं त्याची बायको सुनीता होती. "वन्सं, हे उठंनात," एवढंच ती म्हणाली आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. आम्ही राजारामपुरीतून रिक्षानं पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. दुपारी पंचगंगेवर त्रिसरण-पंचशील झालं, अग्नी दिला, माणसं पांगायला लागली. तेवढ्यात आमच्या ओळखीतल्या एकानं मला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "गुरुजी, परत सुरू केलती व्हय त्यानं?" मी नाही म्हणालो. तर तो म्हणाला, "मग त्या डोक्याच्या गोळ्यांनीच खाल्लं म्हणायचं." महिना उलटून गेला तरी लोक याच दोन गोष्टी विचारतात, म्हणून आज लिहायला बसलो आहे. मिलिंदनं दारू सोडली ती कायमची. गोळ्या घेतल्या त्याही शेवटपर्यंत. आणि या दोन गोष्टींमधून वाट काढत तो जी वर्षं जगला, ती फार थोड्यांनी पाहिली.

माझं लग्न झालं तेव्हा मिलिंद आयटीआय करून उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लागला होता. कोल्हापूरच्या ओतकामाचं नाव सगळीकडं आहे, पण लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याला पॅटर्न म्हणतात. मिलिंद पॅटर्न करायचा. ड्रॉइंगवर नजर टाकली की लाकडात ती वस्तू त्याला आधीच दिसायची. लाकूड कोरायची पटाशी चालवताना श्वास रोखून धरायचा. मालक त्याला इतर कामगारांसारखं ओरडून बोलत नसत. त्याला झपाटा यायचा तेव्हा आठवडेच्या आठवडे तो कारखान्यातच असायचा, दोघांचं काम एकटा उरकायचा, सगळ्यांना जेवायला न्यायचा, रंकाळ्यावर रात्र रात्र गप्पा मारायचा. आणि मग कधीतरी भिंतीकडं तोंड करून जो झोपायचा, तो उठायचाच नाही. दोन्हींत दारू असायची. आनंदात दारू, दुःखात दारू. त्यामुळं आम्ही सगळे हेच धरून चाललो होतो, की हे चढणं-पडणं दारूमुळं आहे. दारू सुटली की माणूस जागेवर येईल...

त्या दहा-बारा वर्षांचं सगळं काही मी सांगत बसत नाही. दारूनं मोडलेली घरं सगळ्यांनी पाहिलेली असतात आणि ती एकमेकांसारखीच दिसतात. सुनीता मुलीला घेऊन माहेरी, नेसरीला गेली. मालकानं दोनदा काढलं, दोनदा परत घेतलं. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे पंचशील म्हणत, तेव्हा मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की मिलिंद ओठ मिटून घ्यायचा. खोटं बोलून म्हणायचं नाही, एवढं त्यानं पाळलं होतं. शेवटी नव्वदचं दशक सरता सरता तो आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेला. शकूला म्हणाला, "आक्का, मला सोडायला येऊ नको. तू आलीस तर मी परत तुझ्यासंगट यीन." तिथून तो बाहेर आला तेव्हा वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. सुनीता मुलीला घेऊन परत आली. त्या वर्षी विहारात त्यानं पाचवं शील इतक्या मोठ्यानं म्हटलं, की पुढं बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं. शकू पदरात तोंड लपवून रडली. आम्हाला वाटलं, संपलं.

ते काही संपलं नव्हतं. दारू होती तोवर जे झाकलेलं होतं, ते उघडं पडलं. काही महिन्यांतच तो एका कुशीवर झोपून राहायला लागला. सुनीता त्याच्या तोंडाचा वास घ्यायची, वास नसायचा. वास आला असता तर निदान कळलं तरी असतं, असं ती एकदा शकूजवळ बोलली. मग एक दिवस तोच उठला तो गाणी म्हणत. शेवटी मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडं घेऊन गेलो. त्यांनी लहानपणापासूनचं सगळं विचारलं, आणि सांगितलं की हा मन वर-खाली होण्याचा आजार दारूच्या आधीपासूनचा आहे. मिलिंद तो दारूनं दाबायला बघत होता आणि दारू तो आणखी वाढवत होती. त्यांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या, मधून मधून रक्त तपासायला सांगितलं. परतताना मिलिंद स्कूटरवर माझ्या मागं बसला होता. उद्यमनगराच्या वळणावर म्हणाला, "दाजी, आत्तापातूर मी दारुडा होतो. आता येडा झालो."

गोळ्यांनी तो सावरला, पण गोळ्यांनी आपलं घेतलंही. सारखी तहान लागायची. अंग सुटलं. तोंडाला धातूची चव यायची, सुनीतानं केलेलं मटण त्याला गोड लागेना. हे सगळं त्यानं सोसलं असतं. पण हात थरथरायला लागले. थोडेच, चहाची बशी वाजेल इतके. दुसऱ्या कुणाचं काही अडलं नसतं, त्याचं सगळं पोट त्या हातांवर होतं. पटाशी घसरायची, चांगलं सागवान वाया जायचं. तो म्हणायचा, "दारू पीत हुतो तवा एक पेग मारला की हात दगडासारखा थांबायचा. आता शुद्धीत हाय तर हात ऱ्हात न्हाई." एकदा घरी आला आणि अगदी गंभीरपणे त्यानं मला विचारलं, की रोज गोळी घेऊन पाचवं शील मोडतं का? मी म्हणालो, ते औषध आहे. त्यानं मान हलवली, पण माझं उत्तर त्याला पटलं नाही, हे मला दिसत होतं.

दारू सोडलेल्या माणसांची एक बैठक संध्याकाळी भरायची. तो नेमानं जायचा, त्या बैठकीनंच त्याला उभं केलं होतं. तिथं एक वयस्कर गृहस्थ होते, मोठ्या मनाचे, अनेकांना मार्गाला लावलेले. त्यांनी चांगल्याच हेतूनं सांगितलं, "मिलिंद, गोळी म्हंजे बी नशाच की. कुबडी टाकल्याबिगर चालाय येत न्हाई." मिलिंदनं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. सुरुवातीला सगळं छान झालं. हात थांबला. त्यानं पंपाचा एक पॅटर्न असा केला की मालकानं तो टेबलावर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. सुनीता म्हणाली, आता बरे दिसतात. मग त्याची झोप उडाली. वीज न लावता पंचगंगेचं पाणी वर चढवणारा पंप आपल्याला सुचला आहे, असं तो सांगायला लागला. त्याच्या पॅटर्नला जुनं, मुरलेलं सागवान पाहिजे होतं. ते त्याच्याच घराच्या दाराला होतं. एका दुपारी सुनीता बाजारातून आली, तर घराला दार नव्हतं. फळ्या अंगणात पसरल्या होत्या आणि हा घामानं निथळत, हसत, शेजाऱ्यांना पंप समजावून सांगत होता. तिनं दाराच्या जागी साडी बांधली. पुढचे कितीतरी दिवस ते घर साडीच्या आडोशानं राहिलं.

आणि मग तो पडला. एवढा खोल कधी पडला नव्हता. आम्ही गेलो तेव्हा त्या साडीआड अंधारात बसला होता. शकूनं घाबरत विचारलं, प्यावंसं वाटतंय का? तो म्हणाला, "न्हाई आक्का. प्याचं बी मन न्हाई. कशाचंच मन न्हाई." ते ऐकून मी हबकलो. दारूची भीती आमच्या सवयीची होती, ही नवी होती. मी त्याला म्हणालो, चल. त्यानं वाद घातला नाही. चप्पलसुद्धा शकूनं त्याच्या पायात घातली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी काही दिवस त्याला ठेवून घेतलं, औषध बदललं, जोडीला दुसरं दिलं, आणि समजावलं की दारू सोडणं हे एक काम आहे, मन सांभाळणं हे दुसरं. एक केलं म्हणून दुसरं होत नाही.

बरा झाल्यावर तो पुन्हा बैठकीला गेला. मला सोबत यायला सांगितलं. पाळी आल्यावर उभा राहिला, हात खिशात घातले, आणि म्हणाला, "मी मिलिंद. मी दारू पीत न्हाई. आणि मी डोक्याच्या गोळ्या घेतो. दोनी खरं हाय." ते वयस्कर गृहस्थ खाली बघत राहिले. बैठक सुटल्यावर मुरगूडचा एक व्यापारी आमच्या मागून आला आणि त्यानं हळूच विचारलं, डॉक्टर कुठं बसतात? तोही चोरून गोळ्या घेत होता, चोरून सोडत होता. त्यानंतर त्या वयस्कर गृहस्थांनी गोळ्यांवर पुन्हा कधी बोललेलं मिलिंदनं ऐकलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढं वर्षं होती... पटाशी सुटली ती सुटलीच. मालकानं त्याला माल तपासायच्या कामाला बसवलं. दुसऱ्यांनी केलेले पॅटर्न तो बोटांनी चाचपून बघायचा आणि काही न बोलता बाजूला ठेवायचा. चढ-उतार यायचेच, पण लहान. औषध कमी-जास्त व्हायचं. आणि आम्ही सगळे त्याच्यावर नजर ठेवून असायचो. गप्प बसला की सुनीता शकूकडं बघायची, भरभर बोलला की शकू माझ्याकडं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, त्या बैठकीत तो कशावरून तरी खदखदून हसला आणि आम्ही तिघांनी एकदम माना वर केल्या. त्याच्या ते लक्षात आलं. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "मला जरा हसू द्या की. पोरीचं लगीन हाय. बाप म्हणून हसलो, आजारानं न्हाई." आवाजात राग नव्हता. दमलेला होता तो. आम्हीही दमलो होतो. असल्या आजारात कुणीच कुणावर विजय मिळवत नाही, फक्त दुसरा दिवस उजाडतो, आणि गोळी घ्यायची असते.

शेवटच्या काही वर्षांत त्यानं एक सवय लावून घेतली होती. सकाळी कामावर निघायच्या आधी आमच्या घरी फोन करायचा. फोन बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या तिवईवर आहे. शकू विचारायची, "कसा हैस?" तो कधी म्हणायचा, "जरा वर हाय", कधी "खाली हाय". बहुतेक वेळा म्हणायचा, "मधी हाय, आक्का." मग शकू फोन ठेवायची आणि मोकळ्या आवाजात मला सांगायची, "मधी आहे." आमच्या घरात याहून चांगली बातमी नव्हती.

तो गेल्यावर पहिले काही दिवस त्या वेळेला शकू खिडकीशी जाऊन बसायची. विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि गेल्या आठवड्यात त्याच वेळेला फोन वाजला. शकूनं लगेच उचलला नाही. दोन-तीनदा वाजू दिला. सुनीता होती. ती काय बोलली, ते मला ऐकू आलं नाही. शकू बराच वेळ नुसती ऐकत राहिली, फोनची वायर बोटाला गुंडाळत, सोडत. मग म्हणाली, "असू दे. रोज सांगत जा. येशील मधी... हळूहळू येशील."